तसबिरी आणि रान : चित्रकार गेन्सबरोचे जीवन

आपल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यात शिरले की समोरच्या भिंतीवर पणजोबांची तसबीर दिसते. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे, हातात चांदीच्या मुठीची काठी, मागे एखादा पडदा किंवा खांब. काढणाऱ्याचे नाव घरात बहुधा कोणास ठाऊक नसते. पणजोबांचे नाक मात्र हुबेहूब उतरले आहे, असे तीन पिढ्या सांगत आलेल्या असतात. त्याच भिंतीवर नुसत्या झाडांचे, ओढ्याचे किंवा रानातल्या गाडीवाटेचे चित्र कोणी मुद्दाम पैसे मोजून करवून घेतले आहे, असे फार विरळा. चित्रकारास पैसे मिळतात ते नाकाचे, झाडाचे नव्हेत. आपल्या बडोद्यात ज्याच्या चित्रांचा एवढा अभिमान बाळगला जातो त्या रविवर्म्यालाही राजघराण्यातील माणसांच्या तसबिरी काढाव्याच लागल्या. अठराव्या शतकातील इंग्लंडात याहून निराळे नव्हते. तेथे टॉमस गेन्सबरो नावाचा एक चित्रकार होऊन गेला. त्याने जन्मभर लोकांची नाके काढली आणि जन्मभर झाडांचा ध्यास घेतला.

माझा विषय संगीत. चित्रकलेत माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. गेन्सबरोच्या वाटेला मी गेलो तो त्याच्या वाद्यांमुळे. जुन्या युरोपीय वाद्यांविषयी वाचत असता हा चित्रकार पुनःपुन्हा भेटू लागला, आणि त्याचे चरित्र वाचता वाचता मला माझे वडील आठवू लागले. ते कसे, ते पुढे येईलच.

गेन्सबरोचा जन्म १७२७ साली सफोक परगण्यातील सडबरी या लहानशा गावी झाला. बाप्तिस्म्याची नोंद १४ मेची आहे. बाप लोकरीच्या कापडाचा व्यापारी. पुढे त्याचे दिवाळे निघाले. नऊ भावंडांत टॉमस सर्वांत धाकटा. आई फुलांची चित्रे काढीत असे. भावंडांतही कल्पक डोकी होती. एक भाऊ यंत्रे करण्याच्या नादी लागून गावाच्या थट्टेचा विषय झाला. दुसरा धर्मोपदेशक असूनही वाफेच्या यंत्राच्या खटपटीत असे. टॉमसची शाळा मामाची होती. तेथे त्याने बापाच्या नावाने सुटीची खोटी चिठ्ठी लिहून नेल्याची गोष्ट सांगतात. अक्षर इतके हुबेहूब होते की पोर एक दिवस फासावर जाणार, असे बापास वाटले. पण त्या चोरलेल्या दिवसात पोराने रानात बसून काय काय रेखाटले ते पाहिल्यावर त्याने आपले मत बदलले. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तो मुलगा शाळा चुकवून झाडांपाशी जात होता एवढे त्यातून निश्चित कळते.

तेराव्या वर्षी, १७४० साली, त्याची रवानगी लंडनला झाली. ग्राव्हलो नावाच्या फ्रेंच नक्षीकाराच्या हाताखाली त्याने रेषेची नजाकत उचलली. निसर्गाचे धडे मात्र त्याने डच चित्रांकडून घेतले. सतराव्या शतकातील रुइस्डालसारख्या डच चित्रकारांनी वाळूची वाट, वाकडे झाड, ढगाळ आकाश एवढ्याच सामग्रीवर चित्रे उभी केली होती. ती लंडनच्या बाजारात येत, आणि हा पोरगा त्यांच्या नकला करीत बसे. एकविसाव्या वर्षी त्याने आपल्या गावाजवळचे कॉर्नार्डचे रान मोठ्या कापडावर रंगविले. लाकडे तोडणारे, वाटसरू, गाढवे आणि मधून दूरवर दिसणारा चर्चचा मनोरा, असे ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

पण १७४६ सालीच त्याचे लग्न झाले होते. वधू मार्गारेट बर ही एका ड्यूकची अनौरस मुलगी. तिला त्या घराण्याकडून सालीना २०० पौंडांची नेमणूक होती. बाई हिशेबी होती आणि नवरा उधळा. तेव्हा घरात खटके उडत. भांडण झाले की गेन्सबरो माफीची चिठ्ठी लिहून आपल्या कुत्र्याच्या तोंडी देई आणि बाईचे उत्तर तिच्या कुत्र्याबरोबर येई, असे जुने चरित्रकार सांगतात. त्या दोन्ही कुत्र्यांचे त्याने काढलेले चित्र आजही पाहावयास मिळते. बिचाऱ्यांनी निरोप्याचे काम खरेच केले की नाही, ते देव जाणे.

लंडनला जम बसेना, म्हणून तो सडबरीला परतला. तेथे १७५० च्या सुमारास त्याने जवळच्या एका तरुण जमीनदाराचे, रॉबर्ट अँड्र्यूज आणि त्याच्या पत्नीचे, जोडचित्र केले. हे चित्र जरूर नीट पाहावे. नवरा बंदूक काखेत घेऊन उभा, बाजूला कुत्रा. बायको निळ्या पोषाखात बाकावर ताठ बसलेली. दोघेही डाव्या बाजूला एका ओकच्या झाडाखाली सरकलेली आहेत. उजवीकडचे अर्ध्याहून अधिक चित्र पाहा. तेथे कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या, कुंपणे, मेंढ्या, पावसाळी ढग आहेत. अँड्र्यूजने पैसे दिले आपल्या तसबिरीचे, आणि आपली जमीनही तीत दिसावी अशी त्याची हौस असणार. पण चित्रकाराने त्या हौसेच्या आडून आपले शेत रंगवून घेतले. बाईच्या मांडीवर थोडी जागा अजून कोरीच आहे. तेथे काय यायचे होते, यावर तर्क पुष्कळ झाले. चित्र त्या घराण्यातच राहिले आणि १९६० साली नॅशनल गॅलरीने विकत घेतले. गेन्सबरोच्या हयातीत त्याचा कोठे गवगवा झाला नाही.

१७५२ साली तो इप्सविच या बंदराच्या गावी गेला. तेथे नुसत्या चेहऱ्याचे तो ८ गिनी घेई. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. गावात हौशी वादकांचे एक मंडळ होते, त्यात तो रमला. येथेच त्याने आपल्या दोन मुलींचे, मेरी आणि मार्गारेटचे, फुलपाखरामागे धावणारे चित्र आरंभिले. थोरली सहा वर्षांची असेल. धाकटी काट्याच्या झुडपावर बसलेल्या फुलपाखराकडे हात नेते आहे, आणि थोरलीने तिचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला आहे. चित्र पुरे झालेच नाही. हे कोणी सांगितलेले काम नव्हते. तेव्हा ते पुरे करण्याची घाईही नव्हती.

१७५९ साली गेन्सबरो बाथला आला आणि त्याचे दिवस पालटले. बाथ हे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे गाव. औषधाच्या निमित्ताने अर्धे इंग्लंड तेथे हंगामाला येई. नाच, पत्ते, गाणे आणि लग्नाच्या जुळवाजुळवी चालत. रिकामा वेळ आणि भरलेली थैली एकाच ठिकाणी सापडली की तसबिरी काढणाऱ्याचे फावते. चेहऱ्याचा दर काही वर्षांतच २० गिनींवर गेला. आसपासच्या हवेल्यांत त्याला व्हॅन डाइक या जुन्या फ्लेमिश उस्तादाची चित्रे पाहावयास मिळाली. रेशमावरची चमक आणि उभे राहण्यातील डौल त्याने तेथून घेतला. त्या काळचे बहुतेक नामांकित तसबीरकार चेहरा स्वतः काढून कपडे दुसऱ्याकडून रंगवून घेत. गेन्सबरोने ते कधी केले नाही. लेसची झालरसुद्धा त्याच्याच हातची. कामाचा ताण एवढा झाला की १७६३ साली त्याने मोठे दुखणे काढले, आणि एका वृत्तपत्राने तर त्याच्या मृत्यूची बातमीच छापून टाकली.

दिवसभर ही कामे, आणि रात्री? रात्री मेणबत्ती लावून तो मेजावर रान मांडीत असे. कोळशाचे खडे म्हणजे खडक, वाळू आणि शेवाळ म्हणजे जमीन, आरशाचा तुकडा म्हणजे तळे, आणि ब्रोकोलीचे गड्डे म्हणजे झाडी. हे मेजावरचे रान समोर ठेवून तो निसर्गदृश्ये रेखाटी. पुढे त्याने एक लाकडी पेटीही केली. काचेवर तेलरंगाने रंगविलेली लहान लहान दृश्ये तीत सरकवायची आणि मागे मेणबत्त्या लावायच्या, म्हणजे चांदण्यातली झोपडी, संध्याकाळचा ओढा असा काही देखावा अंधारात उजळून निघे. ती पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आहे. ह्या दृश्यांना गिऱ्हाईक नव्हते. ती त्याने आपल्यासाठी व मित्रांसाठी केली होती.

येथे मला वडील आठवतात. ते दरबारी वादक होते. त्यांचे वाद्य दिलरुबा. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरले तेवढे वाजवायचे. पाहुण्यांची जेवणे चालू असता वाजवायचे, आणि कोणी ऐकत नाही याची खंत चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. घरी आल्यावर अंगरखा खुंटीला लावला की ते न बोलता पुन्हा वाद्य घेऊन बसत आणि एकच राग दीड दीड तास घोळीत. आई म्हणे, आत्ताच तर वाजवून आलात. ते नुसते हसत. दरबारातले वाजवणे ते खोटे मानीत नसत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तेथेही सूर जरा उतरला तर त्यांना रात्रभर झोप येत नसे.

आता गेन्सबरोचे वाद्य. त्याचे नाव व्हायोला द गांबा. गुडघ्यांच्या मध्ये धरून गजाने वाजवायचे, सहा तारांचे, आणि दांडीवर तातीचे पडदे बांधलेले. गजाचे आणि पडद्याचे वाद्य म्हटल्यावर आपल्याला दिलरुबाच आठवणार. आवाज गंभीर, थोडा नाकातला, मोठ्या सभेत न पोचणारा. त्या काळी ते वाद्य मागे पडत चालले होते, जशी आपल्याकडे बीन मागे पडली. गेन्सबरोपाशी असे पाच गांबा होते. त्याचा संगीतकार मित्र विल्यम जॅक्सन याने त्याच्या वाद्यवेडाच्या गमती लिहून ठेवल्या आहेत. जार्दिनीचे व्हायोलिन ऐकले की गेन्सबरो ते व्हायोलिन विकत घेई. आबेलचा गांबा ऐकला की त्याला तो गांबा हवा. फिशरची सनईसारखी ओबो ऐकली की ओबो. एका जुन्या चित्रात त्याने थिऑर्बो नावाचे लांब मानेचे तंतुवाद्य पाहिले, तेव्हा एका गरीब जर्मन वादकाला गाठून त्याने त्याचे वाद्य घेतले, मग त्याच्या धड्यांची वही घेतली, आणि मग त्या वादकालाच शिकवणीला लावले. पण मुळाक्षरे गिरविण्याचा धीर त्याच्यापाशी नव्हता, स्वरलिपी तो शिकलाच नाही, असे जॅक्सन म्हणतो. सूर वाद्यातच भरून ठेवलेला असतो, अशी त्याची समजूत दिसली.

असे शिष्य प्रत्येक शिक्षकाला भेटतात. मिरजेहून नवा तंबोरा आला की गळा सुधारेल, असे त्यांस मनापासून वाटते! तरीही जॅक्सनची हकीकत थोडी मीठमसाला लावलेली असावी. दुसऱ्या मित्रांच्या आठवणींत गेन्सबरो कानाने उचलून रसाळ वाजविणारा दिसतो. आणि ऐकण्याच्या बाबतीत तर तो अस्सल दर्दी. एका कर्नलने त्याच्या घरी व्हायोलिन वाजविले, तेव्हा गेन्सबरोच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि कर्नल जे चित्र कधीपासून मागत होता ते त्याने तेथल्या तेथे देऊन टाकले.

ह्या जॅक्सनला लिहिलेल्या पत्रांत गेन्सबरोचे मन उघडे पडते. तसबिरी काढून काढून त्याला वीट आला होता. गांबा काखोटीला मारून एखाद्या खेड्यात निघून जावे, निसर्गदृश्ये काढावी आणि उरलेले आयुष्य निवांत घालवावे, असे त्याने लिहिले; पण घरातील बायकांचे चहापाणी, नाचसमारंभ आणि मुलींसाठी नवरे शोधणे यांतून सुटका नाही, हेही त्याच पत्रात आहे. आणखी एका पत्रातला विचार मला फार मोलाचा वाटतो. चित्राचा एक भाग गाण्याच्या पहिल्या चरणासारखा असावा, म्हणजे पुढे काय येणार याचा अदमास लागतो आणि दुसरा चरण आपसूक उभा राहतो, असे तो म्हणतो. अस्ताईने अंतऱ्याची वाट दाखवावी, हेच ना हे? आमच्या वर्गात मी हा दाखला अनेकदा दिला आहे.

गांब्यापायीच त्याचे एक मोठे भांडण झाले. फिलिप थिकनेस हा त्याचा जुना आश्रयदाता, स्वभावाने तापट. त्याची पत्नी गांबा उत्तम वाजवी. गेन्सबरोला तिचा गांबा हवाच होता. तेव्हा त्याच्या बदल्यात थिकनेसची पूर्णाकृती तसबीर काढून द्यावी, असे ठरले. बाईंनी वाद्य लगेच पाठवून दिले. तसबीर सुरू झाली, आणि राहिली ती राहिलीच. शब्दाने शब्द वाढला, वाद्य परत गेले, मैत्री तुटली. गेन्सबरोने बाथ सोडले ते ह्या भांडणामुळेच, असे थिकनेसने लिहिले आहे. लिहिणारा तोच असल्याने ही एका बाजूची कैफियत समजावी. पण तसबिरीचा मोबदला वाद्याच्या रूपाने हातात पडल्यावरही ज्याच्याने ती पुरी होईना, तो तसबिरींना किती कंटाळला असेल!

१७७४ साली तो लंडनला आला आणि पॉल मॉलवरील शॉम्बर्ग हाउसमध्ये बिऱ्हाड केले. येथे त्याची खरी मैफल जमली. कार्ल फ्रीड्रिख आबेल हा गांब्याचा अखेरचा मोठा वादक, आणि योहान क्रिश्चन बाख हा थोर सेबास्टियन बाखचा सर्वांत धाकटा मुलगा. हे दोघे जर्मन मिळून लंडनमध्ये जलसे भरवीत. दोघेही गेन्सबरोचे जिवलग. आबेल गांबा शिकवी, गेन्सबरो चित्रे देई. आबेलच्या घराच्या भिंती त्याच्या रेखाटनांनी भरून गेल्या होत्या. आबेलची १७७७ ची तसबीर आज कॅलिफोर्नियात हंटिंग्टन संग्रहात आहे. टेबलाशी बसून स्वरलेखन करणारा लठ्ठ, प्रसन्न माणूस, मांडीला टेकलेला गांबा आणि पायाशी झोपलेला पांढरा कुत्रा. ह्या तसबिरीत कंटाळ्याचा मागमूस नाही.

त्याच संग्रहात त्याचे सर्वांत गाजलेले चित्र आहे, निळ्या पोषाखातील मुलाचे. रेनॉल्ड्स ह्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने चित्राच्या मध्यभागी निळा रंग भरू नये असे व्याख्यानात सांगितले, आणि त्याला उत्तर म्हणून गेन्सबरोने हे चित्र काढले, अशी कथा फार प्रसृत आहे. कथा सुरस, पण सनांचा मेळ बसत नाही: चित्र १७७० च्या सुमाराचे आणि ते व्याख्यान १७७८ चे. क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा मुलाच्या खाली दुसऱ्याच माणसाची अर्धवट तसबीर निघाली. म्हणजे जुने कापड पुन्हा वापरलेले. १९२१ साली ते एका अमेरिकन धनिकाने घेतले, आणि जाण्यापूर्वी लंडनमध्ये मांडले तेव्हा सुमारे ९० हजार लोक त्याला निरोप द्यावयास आले. बरोबर शंभर वर्षांनी, २०२२ च्या जानेवारीत, ते थोड्या महिन्यांसाठी त्याच गॅलरीत पाहुणे म्हणून परत आले होते.

मला स्वतःला मात्र ह्या निळ्या पोरापेक्षा एलिझाबेथ शेरिडनचे चित्र अधिक भावते. ही मूळची बाथची, लिन्ली ह्या गायन-शिक्षकाची मुलगी. विलक्षण गळा, साऱ्या इंग्लंडात नाव. १७७२ साली ती नाटककार शेरिडनबरोबर पळून गेली, पुढे लग्न झाले, आणि पत्नीने सभेत गाणे आपल्या प्रतिष्ठेस शोभत नाही म्हणून नवऱ्याने तिचे जाहीर गाणे बंद केले. आमच्या व्यवसायात हा अनुभव नवा नाही. तयार झालेला गळा लग्नानंतर पेटीसह माळ्यावर जातो. मी माझ्या विद्यार्थिनींत अशा किती पाहिल्या! गेन्सबरो तिला लहानपणापासून ओळखत होता. १७८५ ते १७८७ या काळात त्याने तिला एका उजाड माळावर, खडकावर एकटी बसविली. वारा सुटला आहे. तिचे केस, गळ्याशी उडणारे वस्त्र आणि मागच्या झाडाची पाने एकाच फटकाऱ्याने, एकाच लयीत रंगविलेली आहेत. बाई कोठे संपते आणि रान कोठे सुरू होते, ते सांगणे कठीण. ज्या तसबिरीला तो जन्मभर कंटाळला तिच्यातच त्याने आपले रान आणले. एलिझाबेथ १७९२ साली क्षयाने वारली. हे चित्र आता वॉशिंग्टनला आहे.

त्याच्या रंगविण्याची रीतही जगावेगळी होती. कुंचल्यांना काही वेळा सहा सहा फुटांचे दांडे लावलेले. समोरचा माणूस आणि चित्र यांपासून सारख्याच अंतरावर उभे राहून तो काम करी. खोलीत अंधूक उजेड. जवळून पाहावे तर नुसते ओरखडे. दूर जावे तो त्यांतून रेशीम, केस, पाने उमटत. म्हणून आपली चित्रे प्रदर्शनात उंच टांगू नयेत, असा त्याचा आग्रह असे. रॉयल अकॅडमीच्या १७६८ च्या संस्थापकांत तो होता, पण टांगण्याच्या उंचीवरून तिच्याशी त्याचे वारंवार बिनसले. १७८४ साली तीन राजकन्यांच्या चित्रावरून वाद विकोपास गेला. त्याने सर्व चित्रे काढून घेतली आणि पुन्हा तेथे पाऊल ठेवले नाही; आपल्या घरातच प्रदर्शन भरवू लागला. राजा तिसरा जॉर्ज व राणी यांच्या मर्जीतला चित्रकार तो होता. पण राजाचा मुख्य चित्रकार म्हणून नेमणूक झाली ती रेनॉल्ड्सची. दरबारच्या ह्या रीती आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नकोत.

घरचे दुःख निराळेच. मुलींना त्याने चित्रकला शिकविली होती, वेळ पडल्यास त्यांनी आपल्या पायावर उभे राहावे म्हणून. १७८० साली थोरल्या मेरीने ओबोवादक फिशरशी लग्न केले. ज्याची ओबो ऐकून बाप मोहून जाई, तोच हा फिशर. बापाचे मन राजी नव्हते; वादक म्हणून आवडणारा माणूस जावई म्हणून नको होता. संसार काही महिन्यांतच मोडला. मेरी परत आली, आणि पुढे तिचे चित्त भ्रमले. धाकटीने लग्न केले नाही. ती अखेरपर्यंत बहिणीला सांभाळीत राहिली. धाकटी १८२० साली वारली, मेरी १८२६ साली.

शॉम्बर्ग हाउसच्या दालनात दारापासून चित्रशाळेपर्यंत निसर्गदृश्ये ओळीने भिंतीशी टेकून ठेवलेली असत. तसबिरीसाठी येणारे उमराव आणि त्यांच्या बायका त्यांच्यावरून जात आणि बहुधा मान वळवून पाहतही नसत, असे एका समकालीन चित्रकाराने सांगितले आहे. गेन्सबरोच्या तसबिरी सातशेहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. निसर्गदृश्ये दोनशेच्या आसपास. विकली जात ती थोडी. बाथला असताना एक मालवाहतुकीचा ठेकेदार त्याची चित्रे लंडनला पोचवी आणि भाडे घेत नसे. त्याला चित्रे आवडत. त्या माणसाला गेन्सबरोने सुगीच्या गाडीचे आपले एक उत्कृष्ट निसर्गदृश्य देऊन टाकले. आणि १७८२ साली डुकरांजवळ बसलेल्या खेडवळ मुलीचे चित्र प्रदर्शनात आले, तेव्हा ते घेतले कोणी, तर रेनॉल्ड्सने! गेन्सबरोने ६० गिनी सांगितले होते. रेनॉल्ड्सने १०० दिले.

१७८२ च्या पहिल्याच दिवशी बाख गेला, १७८७ च्या जूनमध्ये आबेल. मैफल मोडली. १७८८ च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील खटला सुरू झाला. ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी सालबाईचा तह झाला तोच हा हेस्टिंग्ज. आणि त्याच्यावर आरोप करणाऱ्यांत एलिझाबेथचा नवरा शेरिडनही होता. लंडनमधील सारी प्रतिष्ठित मंडळी तेथे लोटली. गेन्सबरोही गेला, आणि उघड्या खिडकीकडे पाठ करून बसला. मानेला बर्फासारखे काही गार लागल्याचा त्याला भास झाला. घरी पाहिले तो तेथे गाठ. थंडीने सूज आली असेल, असे नामांकित वैद्यांस वाटले. तो कर्करोग होता.

त्याच वसंत ऋतूत त्याचे तरुणपणीचे कॉर्नार्डच्या रानाचे चित्र बाजारात फिरत होते. त्याविषयी त्याने लिहिले की रचना शाळकरी आहे, पण निसर्गाशी जवळीक नंतरच्या कोणत्याही चित्राइतकीच आहे. दुखण्यात त्याचे मन पुन्हा लहानपणी नकललेल्या डच चित्रांकडे ओढ घेऊ लागले, आणि ही ओढ पोरकट आहे असे तो स्वतःच म्हणे. जुलैच्या सुमारास त्याने रेनॉल्ड्सला चिठ्ठी लिहून बोलावले. दोघांत वर्षानुवर्षे अंतर होते. रेनॉल्ड्स आला, अंथरुणापाशी चित्रे आणवून दोघांनी पाहिली, गेन्सबरोच्या बोलण्यात व्हॅन डाइक आला, आणि जीव जाण्यापेक्षा कला सुटण्याचे दुःख अधिक आहे असे रेनॉल्ड्सला जाणवले. २ ऑगस्ट १७८८ रोजी गेन्सबरो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे क्यू येथील चर्चच्या आवारात जोशुआ कर्बी ह्या जुन्या मित्राशेजारी त्याला पुरले. दगडावर नक्षी नको, नाव पुरे, असेही त्याने सांगून ठेवले होते. प्रेतयात्रेत रेनॉल्ड्स होता, शेरिडन होता. डिसेंबरात रेनॉल्ड्सने अकॅडमीतील वार्षिक व्याख्यान सबंध गेन्सबरोवर दिले. ते लांबून उमलणारे ओरखडे आणि ते मेजावरचे रान आपल्याला माहीत आहे ते बरेचसे त्या व्याख्यानामुळे.

पुढच्या वर्षी, १७८९ च्या वसंतात, मार्गारेटबाईंनी घरातील चित्रांची विक्री मांडली. किमती ठरवून यादी छापली होती. तसबिरी ज्यांच्या त्यांच्या घरी केव्हाच गेल्या होत्या. भिंतीशी टेकलेल्या ओळी तेवढ्या होत्या. त्यांतील काही गेल्या. बाकीच्या पुढल्या विक्रीसाठी तशाच ठेवाव्या लागल्या.